पहाटेचा बंब आणि फोनमधलं पान: तासगावकडचं दम्याचं एक प्रकरण

नोव्हेंबरातली पहाट, सहाची वेळ. एकाच फोनवर दोन ॲप. एकात हवेचा निर्देशांक ९२, रंग पोपटी, शेरा ‘समाधानकारक’. दुसऱ्यात १४९, रंग केशरी, शेरा ‘संवेदनशील व्यक्तींना अपायकारक’. गाव तेच, हवा तीच, आणि गोठ्यात धार काढणाऱ्या बाईच्या छातीत शिट्टी वाजत होती.

दोन्ही ॲप खरंच बोलत होती. त्या वेळी पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम असल्याचा अंदाज होता. भारतीय पट्टीवर ३१ ते ६० हा टप्पा ‘समाधानकारक’ आहे, त्यामुळे ५५ चा निर्देशांक ९२ निघतो. अमेरिकेच्या पट्टीवर ३५.५ ते ५५.४ हा टप्पा संवेदनशील लोकांसाठी वाईट मानतात, म्हणून तिथे तोच आकडा १४९ होतो. शिवाय भारतीय निर्देशांकात धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरतात. पहाटे पाच ते आठ हवा कितीही घाण असली तरी दुपारच्या मोकळ्या हवेत मिसळून ती सरासरीला ‘समाधानकारक’ होऊन बसते. दम्याच्या माणसाचा सगळा प्रश्न त्या तीन तासांचाच असतो.

पुढचं प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. घरातली माणसं आणि नोंदीचे आकडे उदाहरणादाखल आहेत. साधनं, पट्ट्या, सूत्रं आणि त्यांच्या मर्यादा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

घर

तासगाव तालुक्यातला द्राक्षपट्टा. रुग्ण ३४ वर्षांची, उंची १५४ सेंटिमीटर, लहानपणापासून ‘बाळदमा’ म्हणून सांगितलेला, मधली काही वर्षं बरी गेलेली. घरात नवरा, सासूबाई आणि नववीतली मुलगी. दोन गाई, थोडा ऊस. परड्यात तांब्याचा बंब, पहाटे सव्वापाचला पेटतो. त्यात उसाचं पाचट, गोवऱ्या, बागेच्या छाटणीच्या काड्या, हाताला येईल ते जातं. दूध संकलन केंद्र सातला बंद होतं, त्यामुळे धार साडेपाचला काढावीच लागते. या एका वेळेभोवती पुढचं सगळं फिरतं.

औषध दोन तऱ्हेचं होतं. एक रोज दोनदा घ्यायची बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची कॅप्सूल, रोटाहेलर या पूड ओढायच्या साधनातून घ्यायची. दुसरा निळा पंप, सालब्युटामॉलचा, अडल्यावेळी घ्यायचा. प्रत्यक्षात कॅप्सूलची बाटली फडताळात आणि पंप कंबरेच्या पिशवीत. ‘बरं वाटतंय तर औषध कशाला’ हा हिशेब घरोघरी असतो आणि तो चुकीचा असतो. निळा पंप श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू सैल करतो, आतली सूज तशीच राहते. ‘जिना’ या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक मंडळाने २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. दोनशे फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप वर्षाला लागत असतील तर दम्याच्या झटक्याचा धोका वाढलेला समजतात. इथे वर्षात पाच संपले होते.

म्हणून फोनमध्ये उघडणारं, त्रासाच्या पहाटेचा आधी इशारा देणारं हवामानाचं पान करण्याआधी डॉक्टरांनी कॅप्सूल नियमित सुरू केली आणि चार आठवडे हवामानाचं काहीच मोजलं नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. औषध बंद असलेल्या माणसाला हवामानाच्या सूचना देणं म्हणजे गळक्या छपराखाली घमेली मांडून पावसाचा अंदाज बघत बसणं.

फुंकर मोजणं

पीक फ्लो मीटर ही फुंकर किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी स्वस्त प्लॅस्टिकची नळी, पण तिच्यावर नीट फुंकणारी माणसं थोडी. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, छाती पूर्ण भरायची, ओठ घट्ट मिटायचे आणि एकदाच, जोरात, झटक्यात फुंकायचं. लांबवायचं नाही. तीन वेळा फुंकून त्यातला मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी.

पहिल्या आठवड्यात तीन चुका सापडल्या. बोट काट्याच्या खाचेवर येत होतं, आकडा कमी यायचा. थुंकल्यासारखी जीभ मारून फुंकलं की उलट जास्त यायचा, एकदा ४१० लिहिलेलं होतं. आणि सकाळचं माप धार काढून आल्यावर घेतलं जायचं, म्हणजे थंडी, धूर आणि कष्ट तिन्ही त्यात मिसळलेले. माप उठल्या उठल्या, दार उघडायच्या आधी घ्यायचं ठरलं. धारेनंतर छाती वाजली तर ती वेगळी खूण.

बरं असतानाचा सर्वांत चांगला आकडा ३४० ठरला. त्याचे ८० टक्के २७२, म्हणजे मीटरच्या रेघांवर २७०. त्याच्या वर हिरवा पट्टा. २७० ते १७० पिवळा, १७० च्या खाली लाल. मीटरवर नेलपॉलिशने दोन टिपके लावले, एक पिवळ्या सुरुवातीला, एक लालला. फोन चार्ज नसला तरी ते टिपके दिसतात.

नोंदीच्या सुरुवातीला सकाळी २५५ आणि संध्याकाळी ३१५ अशी जोडी वारंवार येत होती. फरक ६०, सरासरी २८५, म्हणजे दिवसातली चढउतार २१ टक्के. मोठ्या माणसात ही सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिली तर दमा ताब्यात नाही असं समजतात. कॅप्सूल सुरळीत झाल्यावर बऱ्याच सकाळी २९० च्या वर जाऊ लागल्या, पण मधूनच एखादी पहाट पुन्हा २५० ला कोसळायची. त्या पहाटा कोणत्या, हे शोधायला पान लागलं.

पान काय करतं

पान अगदी साधं. रात्री आठला मुलगी उघडते. ओपन-मीटिओ या मोफत सेवेकडून पुढच्या २४ तासांचे ताशी आकडे येतात: तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो अंश), वाऱ्याचा वेग आणि दिशा, ढगांचं प्रमाण. तिच्याच हवेच्या दर्जाच्या शाखेतून पीएम २.५. अव्यावसायिक वापराला नोंदणी किंवा किल्ली (सेवेने दिलेला सांकेतिक शब्द) लागत नाही. अक्षांश-रेखांश दोनच दशांशांपर्यंत पाठवले, १७.०३ आणि ७४.६० असे. त्यातून जागा किलोमीटरभराच्या आत-बाहेर कळते, घर कळत नाही, आणि हवामानाला तेवढं पुरतं. आरोग्याच्या नोंदी कुठेच पाठवल्या जात नाहीत, फोनच्या ब्राउझरमध्येच राहतात.

पहिल्याच आठवड्यात दोन घोटाळे झाले, आणि असली पानं करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ते येतात.

एक वेळेचा. सेवा न सांगता ग्रीनिच वेळ देते. विनंतीत कोलकात्याचा वेळपट्टा लिहिला नाही तर सगळा तक्ता साडेपाच तासांनी सरकतो. पान ‘पहाटे सहा’ म्हणून जे दाखवत होतं ते आपल्याकडचे साडेअकरा होते. थंडी कमी, वारा जास्त, सगळं आबादीआबाद. तीन दिवस पान हिरवं आणि बाई पिवळ्या पट्ट्यात, तेव्हा संशय आला.

दुसरा शिळ्या अंदाजाचा. गावात नेट जातं म्हणून पान शेवटचा आलेला अंदाज साठवून ठेवत होतं. नेट नसताना तेच उघडायचं, कालचा अंदाज आजचा म्हणून. आता अंदाज १२ तासांहून जुना असला की सगळं पान राखाडी होतं आणि वर मोठ्या अक्षरात येतं: ‘अंदाज शिळा आहे. मीटर फुंका.’

तिसरा घोटाळा उशिरा झाला. फोन साफ करणाऱ्या कुठल्याशा ॲपने ब्राउझरची साठवण पुसली आणि १९ दिवसांच्या नोंदी गेल्या. त्या परत उतरवता आल्या, कारण मुलगी शाळेच्या जुन्या वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहीत होती. कागदी वही ठेवणं मागासपणाचं वाटतं, पण अशा कामात ती सोडू नये.

दमट कशाला म्हणायचं

पहिल्या आवृत्तीत दमटपणा सापेक्ष आर्द्रतेवरून धरला होता: ८५ टक्क्यांवर गेली की ‘बुरशीपासून जपा’. ऐकायला बरोबर. पण डिसेंबरच्या पहाटे तापमान १३ अंशांवर येतं तेव्हाही सापेक्ष आर्द्रता ९० होते. थंड हवेत बाष्प मावतच कमी, त्यामुळे थोड्या बाष्पाने टक्का फुगतो. ती हवा फुप्फुसाच्या दृष्टीने कोरडी असते. नाकातून न जाता तोंडातून, कष्टाच्या श्वासाने आत गेली की श्वासनलिकेच्या अस्तरातलं पाणी शोषून घेते आणि नळ्या आवळतात. बुरशीचा इशारा दाखवावा अशी ती हवा नव्हेच.

दवबिंदू धरला आणि गोंधळ मिटला. पावसाळ्यात या भागात दवबिंदू २१-२२ अंशांच्या आसपास दिवसचे दिवस राहतो, डिसेंबरच्या पहाटे १०-१२ वर येतो. आता दवबिंदू २० च्या वर सलग तीन दिवस असेल तरच पान ओलीचा इशारा देतं.

पावसाळ्याबद्दल एवढंच. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धूळ धुऊन टाकतो, निर्देशांक तिशी-चाळिशीत, सगळीकडे हिरवा रंग. घरात मात्र न वाळलेली कपडं दोरीवर, भिंतीला ओल, गादीत धुळीतले किडे. हे किडे ओलीवर पोसतात, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवली तर तग धरत नाहीत. आपल्या पावसाळ्यात ते जमणं नाही. म्हणून उघाडीच्या दोन तासांत गादी उन्हात, कपडे पडवीत, एवढंच पान सांगतं. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही ॲपमध्ये नसते: रोटाहेलरच्या कॅप्सूलला पावसाळ्यात ओल लागते. कॅप्सूल मऊ पडली की नीट फुटत नाही, पूड गोळा होते, रुग्णाला वाटतं औषध गेलं. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघावी, पूड उरली असेल तर बाटली बदलावी. बाटली चुलीशेजारच्या फडताळात नको आणि रोटाहेलरमध्ये उलटी फुंकर तर मुळीच नको.

थंडीच्या अठ्ठावीस पहाटा

२० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर, २८ पहाटा. पीक फ्लो २७० च्या खाली गेला अशा नऊ.

पहिला नियम सरळ होता: पहाटेचं किमान तापमान १४ अंश किंवा कमी, पहाटे ४ ते ८ वाऱ्याची सरासरी ताशी ५ किलोमीटरच्या आत, रात्रीचे ढग ३० टक्क्यांच्या आत, यातलं कोणतंही एक जुळलं की इशारा. २८ दिवसांत १९ इशारे आले. नऊपैकी आठ वाईट पहाटा त्यात सापडल्या, पण अकरा वेळा उगाच घाबरवलं. दुसऱ्या आठवड्यातच सासूबाई म्हणाल्या, “रोजच लाल व्हायला लागल्यावर त्यात बघायचं काय?” त्यांचं चुकलं नव्हतं. रोज वाजणारी घंटा कुणी ऐकत नाही.

दुसऱ्या नियमात तिन्हीपैकी दोन जुळायला हवेत. इशारे ११ वर आले, सापडलेल्या वाईट पहाटा सात, हुकल्या दोन. हा सौदा चांगला होता आणि तोच ठेवला.

या तीन अटींमागचं कारण एकच. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, वर ऊबदार थर राहतो. वारा नसला की हे दोन थर मिसळत नाहीत. गावातला धूर घरांच्या उंचीवरच आडवा पसरून राहतो. तासगाव-सांगली रस्त्याने डिसेंबरात पहाटे गेलं तर उसाच्या फडावर तो पांढरा पट्टा दिसतो, अर्धं धुकं आणि अर्धा धूर. उन्हं वर आल्यावर, आठ-नऊच्या सुमाराला थर मोडतो. पातेल्यावर झाकण असल्यासारखं आहे हे. हवामानाचा अंदाज झाकण कधी बसेल ते बऱ्यापैकी सांगतो. खाली काय शिजतंय ते त्याला माहीत नसतं.

काय शिजतंय

पान पीएम २.५ चे जे आकडे दाखवतं ते गावात मोजलेले नसतात. युरोपच्या ‘कॅम्स’ या, संगणकावर हवेचा अंदाज काढणाऱ्या जागतिक प्रतिरूपातून ते येतात, आणि आपल्याकडे त्याचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा. तासगाव, सांगली, मिरज एकाच घासात. परागकणांचा अंदाज तर या सेवेत फक्त युरोपपुरता आहे, इथे तो रकाना रिकामाच राहतो. काही जण त्याच्या जागी शून्य दाखवतात. शून्य आणि रिकामं यात फार फरक आहे: शून्य वाचून माणूस बिनधास्त होतो. सांगली शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, पण हवेचे नमुने आठवड्यातून दोनदा घेणारी हाताने चालवायची केंद्रं पहाटेचे तीन तास दाखवू शकत नाहीत.

म्हणून दोन आठवड्यांसाठी धूळ मोजणारा एक स्वस्त संवेदक बसवला. लेझरवर चालणारा एसडीएस०११, सोबत आकडे वाय-फायने पाठवणारा छोटा ईएसपी८२६६ बोर्ड, पडवीच्या खांबाला कानाच्या उंचीवर. त्याचे दोन दोष आधीच माहीत असावेत. लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास, सतत चालवला तर वर्षही भरत नाही. म्हणून पाच मिनिटांत एकच मिनिट चालवायचा, त्यातले पहिले ३० सेकंद सोडून द्यायचे. आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की तो भरवशाचा राहत नाही, पाण्याने फुगलेले कण आणि धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो. नदीकडून धुकं आलं त्या दिवशी त्याने ३६० दाखवले, बाईचा पीक फ्लो ३०५ होता.

पहाटेची आर्द्रता जवळपास रोजच त्या मर्यादेच्या पुढे. त्यामुळे नुसता आकडा न बघता चढ कधी सुरू होतो ते बघितलं. ५:१० ला ७०. ५:२० ला २१०. ५:३० ला ४८०. साडेसहाला पुन्हा १२०. त्याच वेळी कॅम्सची रेघ ५२ वर सपाट. वीस मिनिटांत सातपट होणारं धुकं नसतं, आणि धुक्याचा चढ रोज एकाच मिनिटाला सुरू होत नसतो. बंब पेटवायची वेळ ५:१५.

बंब गोठ्यापासून चार-पाच पावलांवर, आणि पेटवणारीही तीच. ओलं पाचट आत कोंबून वाकून फुंकायचं, मग तिथूनच धारेला बसायचं. वारा असला की धूर उसात निघून जायचा. झाकण बसलेल्या पहाटे तो गोठ्याच्या पत्र्याखाली साठायचा. नऊ वाईट पहाटांचं गणित बरंचसं इथेच सुटलं. हुकलेल्या दोन पहाटांपैकी एकीला शेजारच्या फडात आदल्या रात्री पाचट पेटवलं होतं. दुसरीचं कारण सापडलं नाही आणि ते शोधत बसण्यात अर्थही नव्हता.

इशारा आल्यावर करायचं काय

इथे पान करणाऱ्यांची सर्वांत जास्त चूक होते. ‘बाहेर जाणं टाळा’ असं लिहिलेलं असतं. गाई थांबत नाहीत आणि संकलन केंद्र सातला बंद होतं. सूचना कामांच्या क्रमात बसली तरच पाळली जाते.

ठरलं ते असं. इशारा असेल त्या रात्री मुलगी परड्याच्या दारावर खडूने लिहिते, ‘उद्या बंब नाही’. बंब पेटतो साडेसातनंतर, पेटवतो नवरा, आणि त्यात कोरड्या काड्याच, ओलं पाचट नाही. सासूबाईंच्या पहाटेच्या आंघोळीला गॅसवर एक पातेलं. धार बाईच काढते, पण नाकातोंडावर दुपदरी सुती ओढणी गुंडाळून. ओढणीने आत जाणारी हवा कोमट आणि ओलसर होते. धूर अडत नाही, म्हणून ओढणी आहे तर बंब चालेल हा अर्थ नाही. शेण काढणं, वैरण टाकणं ही धाप लावणारी कामं नऊनंतर. खोलीची खिडकी संध्याकाळी सहापासून सकाळी नऊपर्यंत बंद, दुपारी बारा ते चार सताड उघडी. पंप पिशवीत, किती फवारे शिल्लक ते बघून.

औषधाचा डोस पान कधीच बदलत नाही. तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर आहे आणि त्या कागदाचा फोटो पानात आहे, नेट नसतानाही उघडतो. लाल पट्ट्याचं कार्डही तसंच: पीक फ्लो १७० च्या खाली, किंवा एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, किंवा ओठ निळसर, किंवा पंपाचा गुण तासाभरात उतरतो. मग बसायचं, आडवं व्हायचं नाही, पंपाला स्पेसर (प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून डॉक्टरांनी लिहिलेले फवारे एकेक करून घ्यायचे. सर्वसाधारण पद्धत चार ते दहा फवारे, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी. आणि ते चालू असतानाच १०८ ला फोन. गुण येतो का बघत घरी थांबायचं नाही. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषध भिंतीला चिकटतं.

नियम चुकला की जिंकला

पुढचे चार आठवडे, १८ डिसेंबर ते १४ जानेवारी, नियम पुन्हा तपासला, कारण ज्या दिवसांवरून नियम बांधला त्याच दिवसांवर तो बरोबर ठरणारच. आणि तिथे एक गंमत झाली. इशारे दहा आले, वाईट पहाटा तीनच. कागदावर बघितलं तर नियम सात वेळा खोटा.

पण इशारा पाळला म्हणूनच पहाट बरी गेली असेल, तर तो इशारा खोटा कसा? यासाठी वहीत एक रकाना वाढवला: ‘बंब पेटला का?’ दहापैकी सात वेळा इशारा पाळलेला, त्यात वाईट पहाट एक. तीन वेळा न पाळलेला, त्यात वाईट दोन. त्या दोन लागोपाठच्या: भोगीला पाहुणे होते, सगळ्यांच्या आंघोळी पहाटेच व्हायच्या, बंब साडेचारलाच पेटला आणि सात वाजेपर्यंत जळत राहिला. संक्रांतीच्या सकाळी माप २४०. पीक फ्लो उठल्या उठल्या घेतलेला, म्हणजे आदल्या दिवसाचा धूर दुसऱ्या दिवसापर्यंत उरला होता. सुजलेल्या नळ्या एका रात्रीत शांत होत नाहीत, ही गोष्ट आकड्यांत इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसली. दहा इशाऱ्यांवरून फार बोलू नये हे खरं, पण कोणत्या बाजूला कल आहे ते कळतं.

बेदाण्याचा वास

फेब्रुवारीत थंडी ओसरली, नियम गप्प झाला आणि नवीनच त्रास सुरू झाला. पहाटे बरी, रात्री नऊच्या सुमाराला एकदम खोकला, घशात जळजळ, माप ३२० वरून २६० वर. कॅम्सचे सगळे आकडे छान.

तासगावात फेब्रुवारी-मार्चला हे कुणालाही सुचावं. घराच्या पूर्व-ईशान्येला पाऊणएक किलोमीटरवर बेदाण्याचं शेड होतं. पिवळ्याधमक रंगासाठी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आणि दम्याच्या नळ्यांना आवळण्यात हा वायू नावाजलेला आहे; निरोगी माणसाला कळणारही नाही एवढ्या प्रमाणात दमेकऱ्याला त्रास होतो, त्यातही धाप लागली असताना. एका शेडचा धूर ४० किलोमीटरच्या चौकोनात दिसण्याचा प्रश्नच नाही. इथे मास्कही उपयोगाचा नाही. एन-९५ कण अडवतो, वायू नाही.

हाताशी असलेली एकच गोष्ट म्हणजे वाऱ्याची दिशा. तीही पानावर उलटी होती. हवामानशास्त्रात दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. ७० अंश म्हणजे पूर्व-ईशान्येकडून आलेला. पान करणाऱ्याने बाण ७० अंशांकडे तोंड करून काढला होता, त्यामुळे वारा शेडकडे जातोय असं दिसायचं आणि घरचे निर्धास्त. बाण १८० अंशांनी फिरवला. मग दिशा ४५ ते ९५ अंशांच्या मध्ये आणि वेग ताशी ३ ते १२ किलोमीटर असेल त्या संध्याकाळी खिडक्या धुरीच्या आधी बंद, आणि रात्रीचा झाडलोटीचा कार्यक्रम सकाळवर.

त्याहून जास्त काम फोनने केलं. नवऱ्याने शेडवाल्यांना विचारलं, “दादा, आज धुरी आहे का?” धुरी रोज नसते, आणि आदल्या दिवशी ठरलेली असते. आता त्यांच्याकडूनच दुपारी निरोप येतो. पानात त्यासाठी एक बटण आहे, ‘आज धुरी’. मुलगी दाबते, बाकीचं वारा बघून पान सांगतं.

मार्चअखेरीची जोडी सकाळी ३०५, संध्याकाळी ३३०. चढउतार ८ टक्क्यांच्या आसपास. निळा पंप महिन्यात चार-पाच वेळा लागतो. यातलं बरंचसं श्रेय रोजच्या कॅप्सूलचं आहे, पानाचं त्यानंतर. दोन्ही एकत्र मोजून पानाच्या नावावर खपवणं सोपं असतं. शिवाय थंडीही गेली होती.

उरलेली दोन कामं. कडबाकुट्टी यंत्राची धूळ अजून तशीच आहे, तिला हवामान लागत नाही. कुट्टी करताना बाईने परड्यात नसावं एवढाच तोडगा. आणि एप्रिल-मेच्या वळवासाठी नियम नाही. वादळाआधीचा सोसाट्याचा वारा धूळ आणि बुरशीचे बीजाणू उधळतो. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नला अशाच एका वादळात परागकण फुटून हजारो लोक दवाखान्यात गेले आणि दहा जण दगावले. तिथे कारण रायगवताचं होतं, इथलं गवत वेगळं. तोवर पानावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपची आठवण टाकली आहे: जवळपास वीज दाखवली की दोरीवरचे कपडे काढायला बाईने बाहेर जायचं नाही, आणि खिडक्या पाऊस पडून तासभर होईपर्यंत बंद.